फांदीवरचा बिबट्या

‘आजोबा, तो बघ, फांदीवर,’ मुंगी म्हणाली. मास्तरांनी मान वर करून पाहिलं. त्यांना जाळी दिसली, जाळीच्या कडेने वर गेलेला सिमेंटचा खांब दिसला, खाली पाण्याचं टाकं आणि त्यात तरंगणारी पानं दिसली. जिथे फांदी असायला हवी होती तिथे मात्र ओल्या बोटाने पाटी पुसल्यावर राहतो तसा एक करडा डाग होता. त्यांनी नजर जरा डावीकडे नेली. डागही डावीकडे गेला. वर नेली, डाग वर गेला. उजव्या कडेला फांदीचं एक टोक क्षणभर उमटलं, त्यावर काहीतरी पिवळसर होतं. ते अंग होतं की वाळलेली पानं, हे ठरवण्याआधीच नजर पुन्हा तिथे धावली आणि सगळं पुसलं गेलं. मुंगी वाट पाहत होती. तिने त्यांचा हात मनगटाच्या वर धरला होता आणि त्या पकडीवरून त्यांना कळत होतं की ती पिंजऱ्याकडे नाही, त्यांच्याकडे बघतेय. ‘हो हो, दिसला की,’ ते म्हणाले. आवाज अगदी सरळ आला. इतका सरळ की त्यांचे तेच चपापले. छत्तीस वर्षं त्यांनी मुलांना एकच गोष्ट परोपरीने सांगितली होती. येत नसेल तर येत नाही म्हणा, दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा, मी रागावणार नाही. आणि बहुतेक वेळा ते खरोखरच रागावले नव्हते.

हे प्राणिसंग्रहालय फक्त रानमांजरांचं होतं. हत्ती नाही, माकडं नाहीत, पक्षी तर नाहीतच. कुत्र्याएवढ्या मांजरांपासून सिंहापर्यंत सगळी एकाच घराण्यातली मंडळी शहराच्या टोकाला, जुन्या रोपवाटिकेच्या जागेवर आणून ठेवलेली. मुंगीने महिनाभर हट्ट धरला होता. तिचं खरं नाव वेगळंच, पण चालताना दर चार पावलांवर थांबून जमिनीवरचं काहीतरी उचलायची सवय म्हणून मास्तरांनी तिला मुंगी केलं आणि तेच चिकटलं. आठ वर्षांची होती, तिसरीत. आज रविवार असून तिच्या आईला कामावर जावं लागलं होतं. मास्तरांची ही लेक पाण्याच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत होती. शहरातल्या नळांचं पाणी बाटल्यांत भरून यायचं आणि ती त्यात काय काय आहे ते बघायची. एक वाजता मी फाटकाशी येते, मग तिघं मिळून घरी जाऊ, असं ठरलं होतं. निघताना तिने चपला घालता घालता विचारलं होतं, ‘बाबा, मग उद्या मी होकार देऊ ना? नक्की ना? पूर्णवेळ म्हणजे मला सातपर्यंत यायला नाही जमणार. शाळेत सोडणं-आणणं आत्ताही तुम्हीच करता, पण मग संध्याकाळही तुमच्यावर.’ जावई बाहेरगावी नोकरीला, महिन्यातून एकदा यायचा. होकार दिला नाही तर ती जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती, आणि मास्तर नसते तर मुंगी पाळणाघरात. पाळणाघरात तिने मागे आठ दिवस काढले होते आणि आठही दिवस डबा जसाच्या तसा परत आणला होता. ‘अगं, त्यात विचारायचं काय,’ मास्तर म्हणाले होते. ‘मी काय म्हातारा झालोय?’ लेक हसली होती. ती हसली हे त्यांना ऐकू आलं होतं.

चार महिन्यांपूर्वी त्यांनी मुंगीच्या वहीवर हात फिरवून विचारलं होतं, ही वही भिजली होती का गं? रेघा मधेच खाली झुकल्यात. मुंगी म्हणाली, कुठे? सरळ तर आहेत. त्यांनी चष्मा पुसला. मग खिडकीचे गज बघितले. गजांनाही मधोमध पोट आलं होतं. पंधरा दिवसांनी ते कुणाला न सांगता डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर तरुण होता, घाईत नव्हता. पडद्याच्या मधोमध झीज झालीय म्हणाला, दोन्ही डोळ्यांत. कडेचं दिसत राहील, समोरचं हळूहळू जाईल, यावर फारसा उपाय नाही. मग त्याने विचारलं, घरी कोण असतं? मास्तर म्हणाले, लेक आणि नात. ‘मग त्यांना सांगा. आणि रस्ता ओलांडताना कुणालातरी बरोबर घेत जा.’ दवाखान्याचा जिना उतरताना त्यांच्या मनात आलं, आहे की. रस्ता ओलांडताना माझ्याबरोबर रोज कुणीतरी असतंच. हा विचार मनात आला तेव्हा त्यांना त्याची लाजही वाटली नाही, उलट हायसं वाटलं. वर्गातल्या हुशार मुलाला पळवाट सापडते आणि तो स्वतःवरच खूश होतो, तसं. मग त्यांनी एकेक सोय करून घेतली. पेपर मुंगी मोठ्याने वाचायची, वाचन सुधारावं म्हणून. दुकानातली यादी ती वाचायची, अक्षर ओळखता यावं म्हणून. बसचा नंबर ती सांगायची, जबाबदारीची सवय व्हावी म्हणून. तिचं वाचन खरंच सुधारलं. शाळेतल्या बाईंनी वहीवर तसं लिहूनही दिलं, आणि तो शेरासुद्धा मुंगीनेच त्यांना वाचून दाखवला. प्रत्येक गोष्टीतून धडा काढायची त्यांची जन्मभराची सवय अशी कामाला आली होती.

आणि त्यांची दुसरी सवय होती मुद्दाम चूक करण्याची. फळ्यावर गणित सोडवताना ते मधेच एखादा आकडा चुकीचा लिहायचे आणि काही न झाल्यासारखं पुढे जायचे. मुलांनी ती हेरायची आणि हात वर करून ओरडायचं, ‘पकडली!’ मग मास्तर कपाळावर हात मारून घ्यायचे आणि वर्ग हसून लोळायचा; आता घरी हाच खेळ मुंगीशी चाले. पुढे पुढे मुलं इतकी सावध झाली की खरोखर चूक झाली तरी कुणी त्यांना हसत नसे, मास्तरांनी मुद्दामच केली असणार म्हणून. यात केवढा मोठा आडोसा आहे हे त्यांना तेव्हा कळलं नव्हतं. ते कळलं या गुरुवारी. शाळेसमोरच्या मोठ्या रस्त्यावर ते मुंगीला घेऊन उभे होते. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे, जसं ते शिकवत आले होते तसं. रस्ता मोकळा होता. त्यांनी पाऊल टाकलं आणि मुंगीने दोन्ही हातांनी त्यांची बाही धरून त्यांना मागे ओढलं. एक टेम्पो इतक्या जवळून गेला की त्याच्या वाऱ्याने विजार पायांना चिकटली. तो टेम्पो कुठून आला? तो आला नव्हता, तो होताच, डागात. मास्तरांचं तोंड आपोआप बोललं, ‘शाब्बास! मी बघतच होतो, तुझं लक्ष आहे का ते.’ मुंगी ‘पकडली’ म्हणाली नव्हती. तिने फक्त त्यांचा हात मनगटाच्या वर धरला होता, आणि तेव्हापासून ती तसाच धरत होती.

‘काय करतोय तो?’ मुंगीने आता विचारलं. तिचा आवाज कसासाच झाला होता, पण मास्तरांना वाटलं, बिबट्या बघून घाबरली असेल. पिंजऱ्यात ढगाळ बिबट्या आहे एवढं तिने आधीच वाचून दाखवलं होतं. त्या नावावर त्यांनी भिस्त ठेवली. ‘आराम करतोय,’ ते म्हणाले. ‘हे मांजर झाडावर राहणारं. शेपूट बघ किती लांब आहे. तोल सांभाळायला लागते ती. आणि अंगावरचे ठिपके ढगांसारखे, म्हणून तर पानांत दिसेनासा होतो. नीट बघणाऱ्यालाच दिसतो.’ बोलता बोलता त्यांना बरं वाटू लागलं. शिकवताना त्यांना नेहमीच बरं वाटायचं. एक कुटुंब शेजारी येऊन उभं राहिलं. पुढे पोट असलेले एक गृहस्थ, त्यांच्या गळ्यात कॅमेरा, बरोबर बायको. गृहस्थांनी विचारलं, ‘कुठे आहे हो? आम्ही मघापासून शोधतोय.’ मास्तरांनी छडी धरावी तसं बोट धरलं आणि डागाच्या दिशेने रोखलं. ‘ती आडवी फांदी, तिच्यावर. घाई करू नका. आधी शेपूट शोधा, मग अंग आपोआप सापडेल.’

‘हां हां!’ गृहस्थ म्हणाले. ‘दिसला! काय जनावर आहे! अगं, ते बघ, शेपूट लोंबतेय.’

‘मला नाही बाई दिसत,’ बायको म्हणाली.

‘तुला घरात समोरची किल्ली दिसत नाही, बिबट्या काय दिसणार!’ गृहस्थांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि खटाखट चार-पाच फोटो काढले. मास्तरांना हलकं वाटलं. दुसऱ्या माणसालाही दिसलाय म्हणजे आहे. मुंगीने खोटं सांगितलं असेल अशी शंका त्यांना आलीच नव्हती, तरी आता ती आली आणि लगेच गेली.

तेवढ्यात मागच्या दारातून राखणारी बाई आली. रबरी बूट वाजले, बादली खाली ठेवल्याचा आवाज झाला. ‘काय बघताय एवढं?’

‘बिबट्या,’ गृहस्थ म्हणाले. ‘हे आजोबा छान समजावून सांगतायत.’

‘तो तर परवापासून आत आहे,’ बाई म्हणाली. ‘दाढ काढलीय त्याची, गाल सुजवून बसलाय. ही पाटी लावलीय की एवढी मोठी. आज आत आहे, बाहेर सोडलेला नाही, असं लिहिलंय. जाता येता लोक वाचतच नाहीत, काय करावं.’

ती बायको हसायला लागली. ‘शेपूट लोंबतेय म्हणे! आणि तुम्ही फोटोसुद्धा काढलेत!’ गृहस्थ म्हणाले, ‘यांनी दाखवला म्हणून मी...’ आणि मास्तरांकडे वळून, जरा चिडून, ‘काय हो, मोठ्या माणसांची चेष्टा करता होय?’ मास्तर सारवासारव करायला तोंड उघडणार होते. म्हणायचं होतं, बरोबर, मी बघत होतो तुमचं लक्ष आहे का. पण ते वाक्य राहूनच गेलं, कारण त्यांच्या हातावरची ती लहान पकड एकदम सैल पडली होती.

पुढे एक मोठा पिंजरा होता आणि त्यात एक प्यूमा, अमेरिकेतलं बिनठिपक्यांचं मोठं रानमांजर, येरझाऱ्या घालत होता. तो मास्तरांना दिसत होता, कारण तो चालत होता. एका कडेने यायचा, डागात शिरायचा, दुसऱ्या कडेने बाहेर पडायचा. समोर बाक होता. मुंगी म्हणाली, ‘इथे बस.’ ते बसले. तिने बराच वेळ पाय हलवले. मग म्हणाली, ‘तू पकडायला हवं होतंस.’

‘तू मुद्दाम केलंस?’

‘हो. पाटी वाचली मी, पण सांगितलं नाही. मला वाटलं तू म्हणशील, पकडली.’ थोडं थांबून तिने विचारलं, ‘मग गुरुवारी पण तू मुद्दाम नव्हतं केलंस ना?’

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना तिच्या वेण्यांची टोकं दिसत होती, फ्रॉकची किनार दिसत होती, चेहऱ्याच्या जागी करडं काहीतरी होतं. वर्गात ज्या मुलाला उत्तर येत नसे तो असाच बाकाच्या कडेकडे बघत बसे, आणि मास्तर थांबत. थांबणं त्यांना छान जमायचं, सगळे तसं म्हणत. मुंगीही थांबली होती. मग तीच म्हणाली, ‘मी आईला नाही सांगणार.’ त्यांनी तेव्हा बोलायला हवं होतं. ‘मला पाळणाघरात नाही जायचं,’ ती म्हणाली. ‘मी बघत जाईन ना. मी सांगत जाईन, थांब, चल. कुणाला कळणारच नाही.’ आणि मास्तरांना, देवाशपथ, बरं वाटलं. प्यूमा एका कडेने डागात शिरला.

त्यांना एक मुलगा आठवला. त्याला सगळे उंट म्हणायचे, मास्तरसुद्धा. उंच होता, म्हणून शेवटच्या बाकावर. मुलांना उंचीप्रमाणे बसवायचं, ठेंगणी पुढे, उंच मागे, ही मास्तरांची पद्धत होती आणि तिच्याविषयी कुणी कधी शंका काढली नव्हती. उंट फळ्यावरचं उतरवायच्या ऐवजी शेजाऱ्याच्या वहीतून उतरवायचा, शेजाऱ्याच्या चुकांसकट. मास्तरांनी त्याला पकडलं. दिसत नाही का तुला फळ्यावरचं? दिसतंय, गुरुजी. मग बघून का लिहितोस? उंट मान खाली घालून उभा. पुढच्या वेळी पुन्हा तेच. मग त्यांनी त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, रागावून नव्हे, शांतपणे, त्याच्या भल्यासाठी. वर्षाच्या शेवटी तपासणीला डॉक्टर आले आणि कळलं की उंटाला चार हातांपलीकडचं काही दिसत नव्हतं. आई शाळेत आली तेव्हा म्हणाली, तो घरी म्हणायचा, मागचा बाक छान आहे, मास्तर माझ्यावर विश्वास टाकतात. मास्तरांनी त्याला पहिल्या बाकावर आणलं, चांगलं वागवलं, पुढे तो चांगल्या मार्कांनी पासही झाला. हा प्रसंग मास्तर नवीन शिक्षकांना सांगत असत, आपली चूक मोठ्या मनाने कबूल करून. पण तो मुलगा वर्षभर ‘दिसतंय’ का म्हणत राहिला, हे त्यांना आजवर कळलं नव्हतं. त्यांना वाटायचं, भीतीने. भीतीने नव्हे. मागच्या बाकावर त्याचा एक मित्र होता, खिडकी होती, मास्तरांचा विश्वास होता. एक शब्द खरा बोलला असता तर हे सगळं गेलं असतं. आणि त्या शेजाऱ्याचं काय? तो वही जरा तिरकी धरायचा, उंटाला दिसावी म्हणून. वर्षभर त्यानेही कुणाला सांगितलं नाही. त्याचं नाव मास्तरांना कितीही आठवून आठवेना.

परतताना मुंगी हळू आवाजात बोलू लागली, ओठ न हलवल्यासारखं. ‘पायरी. अजून एक. आता सपाट. समोरून बाई येतायत, थोडा इकडे ये.’ ती हे इतकं पटकन शिकली होती की मास्तरांना चाल बदलावीच लागत नव्हती. दर चार पावलांवर थांबणारी पोर एकदाही थांबली नाही. जमिनीवरचं काही उचलायला ती खाली वाकलीच नाही, कारण वाकली असती तर हात सुटला असता. ‘आईने विचारलं ना,’ ती म्हणाली, ‘तर आपण सांगायचं की सिंह झोपला होता आणि तू म्हणालास की सिंह वीस तास झोपतो. हे खरंच आहे. आणि बिबट्याचं मी सांगेन. तू फक्त हसायचं.’ मास्तर म्हणाले, ‘बरं.’ बरं म्हणताना त्यांना जाणवलं, आज सकाळपासून त्यांनी या पोरीला शिकवलेली ही एकच गोष्ट ती नीट शिकलीय.

लेक फाटकाशी आलेली होती. तिच्या साबणाचा वास आधी आला, मग आवाज. ‘झालं का बघून? पाय दुखले असतील बाबा तुमचे. काय गं, काय काय पाहिलंस?’

आणि मुंगीने सांगायला सुरुवात केली. सुरुवातीपासून, क्रमाने, गडबड न करता, गोष्ट कशी सांगावी हे मास्तरांनीच तिला शिकवलं होतं तसं. सिंह झोपला होता. आजोबांनी सगळ्या पाट्या वाचून दाखवल्या. ढगाळ बिबट्या कुणालाच दिसत नव्हता, एक जाडे काका होते, त्यांना पण नाही, पण आजोबांना लगेच दिसला, फांदीवर, शेपूट अशी खाली सोडलेली. मग आजोबांनी सगळ्यांना दाखवला. काकांनी फोटो काढले. ती मधे थांबली, श्वास घेतला, लेक हसली तेव्हा तिच्याबरोबर हसली. एकही जागा चुकली नाही. खोटं बोलताना लहान मुलं अडखळतात, नजर चुकवतात, हे मास्तरांना छत्तीस वर्षं ठाऊक होतं आणि त्यावरून ते मुलांना ओळखत. या मुलीला कुणीही ओळखलं नसतं.

‘बघा,’ लेक म्हणाली, ‘आणि मी उगाच काळजी करत होते. मग उद्या सांगते मी साहेबांना.’

‘ती खोटं बोलतेय,’ मास्तर म्हणाले.

‘आजोबा!’ मुंगीने त्यांचा हात दाबला.

‘माझ्यासाठी बोलतेय. पिंजरा रिकामा होता. पाटी होती, ती मला वाचता आली नाही. मला समोरचं दिसत नाही.’

फाटकाबाहेर बस थांबली, माणसं चढली, बस गेली. लेक बोलली तेव्हा तिचा आवाज प्रयोगशाळेतला होता. ‘कधीपासून?’

‘चार महिने.’

‘डॉक्टरांना दाखवलंत?’

‘दाखवलं. बरं होणारं नाही.’

‘चार महिने,’ ती म्हणाली. ‘रोज दोनदा. तो रस्ता.’

‘गुरुवारी टेम्पो आला. हिने मला ओढलं.’

‘आई, मी असते ना बरोबर,’ मुंगी घाईघाईने म्हणाली. ‘मी बघते. मला सगळं जमतं, विचार आजोबांना. मला पाळणाघरात नको घालूस. आई, मी बघते ना!’ मग मास्तरांकडे वळून, रडकुंडीला येऊन, ‘तू कशाला सांगितलंस? मी किती छान सांगितलं होतं!’

‘फार छान सांगितलंस,’ मास्तर म्हणाले. ‘म्हणूनच.’ हे तिला कळणार नाही, आणि निदान बरीच वर्षं ती आपल्याला माफ करणार नाही, हे त्यांना समजत होतं. उद्या लेक साहेबांना काय सांगणार, संध्याकाळी मुंगीचा डबा कसा परत येणार, हेही. आपला हात तिने सोडला आहे हे मात्र त्यांच्या ध्यानात आत्ता आलं.

‘बाबा, इकडे बघा. माझ्याकडे.’

‘बघतोय.’

‘माझा चेहरा दिसतोय तुम्हाला?’

अंदाजाने सांगता आलं असतं. श्वासावरून, शब्दांमधल्या अंतरावरून, लहानपणी पडल्यावर ती जशी आधी गप्प व्हायची त्यावरून. आणि ते बरोबरही आलं असतं.

‘नाही,’ ते म्हणाले. ‘डाव्या कानातलं डूल दिसतंय. बाकी नाही.’

त्यांनी नजर हलवली नाही, डाग जिथे होता तिथेच राहू दिला, आणि वाट बघत उभे राहिले.

‘आजोबा,’ मुंगी म्हणाली, ‘आई रडतेय.’